दुतोंड्या मारुतीच्या कमरेइतक्या पाण्याचा नकाशा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक

स. न. वि. वि.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की मोबाइलवर क्युसेकचा आकडा येतो. त्यावरून कुणाला काही उमगत नाही. सगळे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी त्याच्या कमरेला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवतात, काठावरचे टपरीवाले गाशा गुंडाळतात. पाणी एकच, अर्थ ज्याचा त्याला वेगळा. नकाशाही ज्याला त्याला असाच वेगळा मिळायला हवा.

आमच्या गल्लीपुरता तसा नकाशा करायला मी एकदा बसले. पूररेषा एका कार्यालयातून पीडीएफमध्ये मिळाली, रस्ते दुसरीकडून, निवाऱ्याच्या शाळांची यादी तिसरीकडून, तीही कागदावर. पुराची निळी रेषा हाताने गिरवताना ती आमच्या ओट्यावरून जाते की मागच्या बोळातून, हेच ठरेना. महिनाभराने नकाशा झाला, तोवर एक शाळा यादीतून गळली होती. तो शेजारणीच्या हाती द्यायची मला भीती वाटली.

यावरचा इलाज जुनाच आहे. ओपन जिओस्पॅशियल कन्सोर्टियम या नकाशांच्या माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने वेब मॅप सर्व्हिसचं, म्हणजे इंटरनेटवरून मागाल तसं नकाशाचं चित्र देण्याच्या पद्धतीचं, मानक २००० साली आणलं. त्यात प्रत्येक खातं आपला थर, म्हणजे नकाशावरची रस्ते किंवा शाळा अशी एका प्रकारची माहिती, आपल्याच सर्व्हरवर ठेवतं. कोणते थर, कोणता भाग, कोणती रंगशैली एवढं विनंतीत लिहिलं की चित्र तयार होऊन येतं, आणि चार खात्यांची चित्रं एकमेकांवर नेमकी बसतात. खात्याने शाळा बदलली की पुढच्या नकाशात ती आपोआप बदलते. इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ असे थर देतं. २०२२च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणातही खुल्या मानकांवर भर आहे. असे थर पुरवणारं जिओसर्व्हर, ते बघायला-जुळवायला क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअरं तर मोफतच मिळतात.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जलसंपदा, महापालिका, पोलिस, आरोग्य या सगळ्यांना आपणच एकत्र बसवू शकता. पूररेषा, बंद रस्ते, निवारे, रुग्णालयं हे थर सेवा म्हणून खुले करायला लावा. नुसतं चित्र नको. वेब फीचर सर्व्हिस या जोडीच्या मानकातून चित्रामागच्या मूळ रेषा आणि बिंदूही द्या, नाहीतर ‘माझ्या दारापासून कोरडा रस्ता कोणता’ हे काढता येणार नाही. नावं मराठीत हवीत.

आपला सिंहस्थ ऐन पावसाळ्यात येतो. २००३च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २०२७मध्ये येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या वाहनतळापासून त्याच्या घाटापर्यंतचा, त्या तासाचा नकाशा मिळावा.

सुरुवात होळकर पुलापासून तपोवनापर्यंतच्या काठाने करा. गल्ल्यांची रुळलेली नावं आणि भिंतींवरच्या जुन्या पुराच्या खुणा टिपायला मी आणि माझ्या शेजारणी येऊ.

आपली,
पंचवटीतील एक रहिवासी