किराया कमी म्हणून वस्ती स्वस्त ठरत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून-जुलै महिन्यांत आमच्या भागातील बहुतेक घरांत दोन कामे एकाच वेळी चालू असतात. शेतात पेरणी आटोपून डवरणीची आणि खताच्या पहिल्या मात्रेची घाई असते, तर घरात बारावी किंवा पदवी झालेल्या मुलाला अथवा मुलीला नागपूर, अमरावती किंवा पुण्याला पाठवण्याची तयारी चाललेली असते. पीककर्जाचे पैसे बियाण्यात आणि खतात गेलेले असतात, सोयाबीन हाती यायला दसरा-दिवाळी उजाडणार असते आणि कापसाचे पैसे तर त्याहूनही उशिरा येणार असतात. नेमक्या याच दिवसांत शहरातील घरमालक अनामत रक्कम आणि पहिल्या महिन्याचा किराया एकरकमी मागतो, मध्यस्थ असेल तर त्याची दलाली वेगळी. अशा वेळी गावाकडून खोली पाहायला गेलेल्या पालकाला सर्वांत कमी किराया कुठे आहे, एवढेच विचारणे सुचते. त्याच्या खिशाकडे पाहता हे अगदी स्वाभाविक आहे, परंतु एवढ्यावर वस्ती निवडली तर पुढे वर्षभर पैसे जातात आणि मुलांचे हालही होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केल्यामुळे आजही अनेक पालक सल्ला विचारायला येतात. त्यांना जे सांगतो ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

किरायाच्या आकड्यात जाण्या-येण्याचा खर्च मिळवल्याशिवाय दोन वस्त्यांची तुलना करताच येत नाही. समजा, मुलीचे महाविद्यालय नागपुरात मेडिकल चौकाच्या आसपास आहे, तेथे चालत जाण्याच्या अंतरावर खोली साडेचार हजारांत मिळते आणि बेसा-बेलतरोडीच्या पलीकडच्या एखाद्या नव्या लेआउटमध्ये तशीच खोली तीन हजारांत मिळते. कागदावर दीड हजार वाचले. पण त्या लेआउटमधून मुख्य रस्त्यावर यायला ऑटो, तेथून बस, संध्याकाळी शिकवणी सुटल्यावर परत तेच, आणि बस चुकली तर स्वतंत्र ऑटो, असा हिशोब केला की वाचलेले दीड हजार महिना संपण्याआधीच संपतात. त्याहून मोठा खर्च पुढे येतो. दोन-तीन महिन्यांत मूल म्हणते की गाडी घेतल्याशिवाय जमत नाही, आणि मग बाप हप्त्यावर दुचाकी घेऊन देतो. मी पाहिलेल्या अनेक घरांत स्वस्त खोलीचा शेवट दुचाकीच्या हप्त्यात आणि पेट्रोलमध्ये झाला आहे. म्हणून पालकांना माझे सांगणे असते की, आधी महाविद्यालय किंवा कामाचे ठिकाण पक्के करा, तेथून पायी, बसने किंवा मेट्रोने किती वेळ आणि किती पैसे लागतात ते पाहा, आणि मगच किरायाचा आकडा विचारा.

नागपूरच्या बाबतीत मेट्रोमुळे हा हिशोब थोडा सोपा झाला आहे. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर हे दोन्ही मार्ग डिसेंबर २०२२ पासून पूर्ण चालू आहेत आणि सीताबर्डीला एकमेकांना मिळतात. त्यामुळे लोकमान्यनगरकडील हिंगणा रस्ता, प्रजापतीनगरच्या बाजूचा पूर्व नागपूरचा भाग किंवा ऑटोमोटिव्ह चौकाजवळील कामठी रस्ता अशा शहराच्या कडेच्या भागांत राहूनही मध्यवर्ती ठिकाणी वेळेवर पोचता येते. मात्र स्थानकापासून खोली खरोखर चालत जाण्याजोगी आहे की नाही, हे घरमालकाच्या शब्दावर सोडू नये. ज्याला गाडीवर फिरायची सवय आहे त्याचे पाच मिनिटांचे अंतर पायी जाणाऱ्याला अर्ध्या तासाचे असू शकते.

आणखी एक गोष्ट शहरातील लोकांना किरकोळ वाटेल, परंतु आमच्यासाठी ती मोलाची आहे. आपल्या गावाचा रस्ता शहरात कोणत्या बाजूने शिरतो, ते पाहून वस्ती निवडावी. यवतमाळ-वर्ध्याकडून येणारी गाडी बुटीबोरी, खापरी, वर्धा रोड अशी येते, अमरावतीची वाडीकडून, भंडाऱ्याची पारडीकडून आणि उमरेडची दिघोरीकडून. ज्याला महिन्यातून एक-दोनदा घरी यायचे आहे, सणाला डबा आणि धान्याची पिशवी घेऊन परत जायचे आहे, किंवा आईबापांपैकी कोणी आजारी पडले तर तातडीने निघायचे आहे, त्याने आपल्या रस्त्याच्या बाजूला राहिलेले केव्हाही बरे. गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरून अख्खे शहर ओलांडण्यात जाणारा वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलींना घरी येणे-जाणे तुलनेने परवडते. ती सवलत शहरातल्या ऑटोच्या भाड्यात घालवू नये.

पुण्याला मात्र हाच नियम उलटा बाधतो. आमच्याकडून निघालेली ट्रॅव्हल्स पहाटे नगर रस्त्याने वाघोली, खराडी करत शहरात शिरते. गावातून आधी गेलेला एखादा मुलगा त्याच भागात कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीतील एका खाटेचे भाडे देऊन, राहत असतो आणि नवा मुलगा त्याच्याकडे सामान टाकतो. पहिल्या पंधरवड्यासाठी असा आधार असणे ही फार मोठी गोष्ट आहे आणि आमच्या गावांच्या माणुसकीमुळेच ती शक्य होते. पण त्याच ओघात शेजारची खोली अनामत देऊन घेतली जाते, आणि नंतर नोकरी लागते ती पश्चिमेला हिंजवडीत किंवा उत्तरेला चाकणला. मग दिवसाचे तीन-चार तास रस्त्यात जातात. वाघोली हे जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी एक आहे, पण महापालिकेत नाव आल्याने घरात नळाचे पाणी आले असे झालेले नाही. तेथील अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून राहिल्या आहेत आणि टँकरचा खर्च शेवटी भाडेकरूकडूनच वसूल होतो. म्हणून पुण्यास जाणाऱ्यांनी नोकरी पक्की होईपर्यंत महिन्याच्या बोलीवर कॉट घ्यावी, स्वतःची खोली आणि अनामत यांचा विचार त्यानंतर करावा.

पाण्याचा प्रश्न पुण्यापुरता नाही. खोली पाहताना नळ किती वेळ येतो, बोअरिंग उन्हाळ्यात टिकते का आणि प्यायचे पाणी कोठून आणावे लागते, हे घरमालकाला न विचारता तेथे राहणाऱ्या भाडेकरूला विचारावे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गिलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ पसरली तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले, हे आपल्या वृत्तपत्रात वाचलेच असेल. पावसाचेही तसेच. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउटसारख्या, ज्यांना आपण चांगल्या वस्त्या म्हणतो, त्यांत पाणी शिरले. पुण्यात जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर एकतानगरीत घरे पाण्यात गेली. तळमजल्याची स्वस्त खोली नाल्याच्या किंवा नदीच्या काठी असेल, तर गेल्या पावसाळ्यात भिंतीला पाणी कुठवर लागले होते, ते शेजाऱ्यांना विचारूनच निर्णय घ्यावा. उलट गच्चीवरची स्लॅबची खोली पाण्यापासून सुरक्षित असली, तरी नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की त्या खोलीत दुपारी बसून अभ्यास होत नाही. मग कूलर आला, त्याला पाणी आले आणि विजेचे बिलही आले.

विजेच्या बाबतीत भाडेकरू मुलांची सर्वाधिक ओढाताण होते, असे मला वाटते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो, १०० युनिटपर्यंत कमी, त्यापुढे ३०० पर्यंत जास्त, आणि त्यापुढे आणखी जास्त. चार खोल्यांचे भाडेकरू एकाच मुख्य मीटरवर असले की सर्वांचा वापर मिळून वरच्या टप्प्यात जातो, आणि ज्याच्या खोलीत एक पंखा व एक दिवा आहे त्यालाही वरच्या दराने पैसे द्यावे लागतात. त्यातही काही ठिकाणी सब-मीटर लावून घरमालक स्वतःच प्रति युनिट दर ठरवतो. स्वतंत्र मीटर असलेली खोली किरायाला दोन-तीनशे रुपयांनी महाग असली, तरी तीच घ्यावी असा माझा आग्रह असतो.

आता कराराविषयी. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरीचा शिक्का पुरे आहे, ही समजूत गावात आणि शहरातही पक्की बसली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, मुदत अकरा महिन्यांची असो की त्याहून अधिक. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर वादाच्या वेळी, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हेही त्याच कलमात आहे. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या व अनामतीच्या हिशोबाने पाव टक्का आहे, आणि हे काम आता ऑनलाइनही होते. कपाशीच्या बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर असलेली पक्की पावती मागतो आणि हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतो, मग वर्षभराची अनामत देताना संकोच का करावा? अनामत कोणत्या कारणासाठी किती कापली जाईल, हे करारात लिहून घ्यावे, आणि रक्कम शक्यतो बँकेतूनच द्यावी.

अनामतीच्या वेळेबाबतही बोलणी करता येतात. अर्धी आता आणि अर्धी दिवाळीनंतर, अशी अट काही घरमालक समजून घेतात, आणि ती करारात नमूद झाली म्हणजे दोघांनाही निश्चिंती राहते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे, पण तो कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्राने निदान विद्यार्थ्यांपुरती तरी ही मर्यादा बंधनकारक करावी.

एक गोष्ट लिहिताना वाईट वाटते, पण लिहिलीच पाहिजे. खोली रिकामी असते, किराया ठरतो, आणि आडनाव सांगितल्यावर ती खोली कालच दिली गेल्याचे उत्तर मिळते. हा अनुभव आमच्या गावांतील अनेक मुलांना येतो, आणि त्यामुळे त्यांच्यापुढे निवडीला उरणाऱ्या वस्त्या मुळातच कमी होतात. स्वस्त वस्ती कोणती, या प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठी सारखे नसते, हे सल्ला देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. अशा मुलांसाठी शासकीय वसतिगृहाचा अर्ज सर्वांत आधी भरला गेला पाहिजे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१७ च्या शासन निर्णयाने स्वाधार योजना सुरू झाली. त्यात नागपूर-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले गेले आणि त्यांपैकी निवासाचे २०,००० होते. दहा महिन्यांचे सत्र धरले तर महिन्याला दोन हजार होतात. पुण्यात त्या रकमेत खोली तर सोडाच, बऱ्या ठिकाणी कॉटही मिळणे कठीण आहे, आणि हे पैसे उशिरा येतात ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. निवासाची ही रक्कम प्रत्यक्ष किरायाशी जुळवून प्रवेशाच्या वेळीच देण्यात यावी, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

महाविद्यालयांनीही आपल्या माहितीपुस्तिकेत शुल्काबरोबर जवळच्या वस्त्या, तेथील किरायाचा साधारण अंदाज, बसचे क्रमांक आणि शेवटच्या बसची वेळ छापावी. यात त्यांचा फारसा खर्च नाही, आणि पालकाचा एक हेलपाटा तरी वाचेल. आपणास विनंती अशी की, प्रवेशफेऱ्यांच्या आधी आपल्या विदर्भातील आवृत्त्यांतून नागपूर, अमरावती आणि पुणे या शहरांच्या वस्त्यांची अशी माहिती एका पानावर प्रसिद्ध करावी. आमच्या तालुक्यातील जी मुले सध्या या शहरांत राहत आहेत, त्यांच्याकडून किराया, पाणी, वीज आणि जाण्या-येण्याचा खर्च लिहून घेऊन मी एप्रिलअखेर आपल्या जिल्हा कार्यालयात पोचता करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ