जर्मन प्रेमकवी सगळेच सरदार नव्हते

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत युरोपातील मध्ययुगीन प्रेमकाव्यावरचा लेख आवडीने वाचला. मराठीत या विषयावर सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. मात्र बाराव्या ते चौदाव्या शतकातील जर्मन दरबारी प्रेमकवींबद्दल, म्हणजे ज्यांना 'मिनेझेंगर' म्हणतात त्यांच्याबद्दल, लेखात असे म्हटले आहे की ते सारेच खानदानी सरदार होते आणि प्रेमगीते रचणे हा त्यांचा फावल्या वेळचा शौक होता. हा समज जुना आहे आणि जर्मनीतही तो बराच काळ टिकून होता. पण तो धरून ही गीते वाचली, तर त्यांतले निम्मे वाचायचेच राहून जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हा समज पसरण्यास एक अतिशय देखणे हस्तलिखित बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. साधारण १३०० ते १३४० या काळात झुरिचमध्ये तयार झालेली आणि आज हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात असलेली 'कोडेक्स मानेसे' ही ती पोथी. चर्मपत्राची ४२६ पाने, १४० कवी, सुमारे सहा हजार कडवी आणि १३७ पानभर रंगीत चित्रे असा तिचा पसारा आहे. तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत ती हायडेलबर्गहून नाहीशी झाली, १६५७ मध्ये पॅरिसच्या राजग्रंथालयात पोहोचली आणि १८८८ मध्ये परत आली. २०२३ मध्ये युनेस्कोने तिची नोंद जागतिक स्मृतिठेव्यात केली. पोथी रचणाऱ्यांनी कवींचा क्रम काळानुसार लावलेला नाही आणि गुणांनुसारही नाही. तो लावला आहे हुद्द्यानुसार. सर्वांत आधी सम्राट, मग राजे, मग ड्यूक आणि मार्ग्राफ (सीमाप्रांतांचे अधिपती), मग काउंट, त्यानंतर लहानमोठे सरदार आणि शेवटी शेवटी ज्यांच्या नावामागे फक्त 'माइस्टर' एवढेच लागते असे लोक. या मांडणीचा आग्रह इतका की, एका बोधपर काव्यातला 'स्कॉटलंडचा राजा टिरोल' हा निव्वळ काल्पनिक पुरुषही, केवळ राजा म्हटला गेल्यामुळे, अगदी सुरुवातीच्या पानांत खऱ्या राजांच्या पंगतीला बसला आहे. शिवाय बहुतेक प्रत्येक कवीला ढाल, शिरस्त्राण आणि कुलचिन्ह बहाल केले आहे. वाल्टर फॉन देर फोगेलवाइडे याच्या आडनावात पक्षी आहेत (जर्मनमध्ये 'फोगेल' म्हणजे पक्षी), म्हणून त्याच्या ढालीवर पिंजऱ्यातला पक्षी रंगवला आहे. त्याच्या घराण्याचे असे चिन्ह खरोखर होते याला दुसरा कोणताही आधार नाही. कवी होऊन गेल्यावर शंभर वर्षांनी एका श्रीमंत शहराने त्यांना दिलेला हा सरदारी पोशाख आहे, हे लक्षात न घेता आपण चित्रे पाहतो आणि कवी तसेच होते असे धरून चालतो.

आता हेही खरे की खरेखुरे राजेमहाराजे या कवींत होते. पोथीतला पहिला कवी सम्राट सहावा हाइनरिश (११६५–११९७), सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा मुलगा. त्याच्या नावावरच्या गीतात तो म्हणतो की प्रेयसीला सोडण्याआधी मी मुकुट सोडीन. ज्याच्या डोक्यावर खरोखर मुकुट आहे किंवा यायचा आहे त्याने हे म्हणावे, यात त्या ओळीची सारी ताकद आहे. दुसऱ्या कोणी म्हटली असती तर ती पोकळ वाटली असती. दुसरा कवी त्याच घराण्यातला कोनराडिन. प्रेम म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, आणि मी वयाने पोर आहे याचीच किंमत प्रेम माझ्याकडून वसूल करते आहे, असे त्याचे गाणे आहे. सोळाव्या वर्षी, ऑक्टोबर १२६८ मध्ये, नेपल्सच्या चौकात त्याचा शिरच्छेद झाला. फ्रीडरिश फॉन हाउझेन हा बार्बारोसाच्या निकटचा माणूस, सनदांमध्ये साक्षीदार म्हणून ज्याचे नाव येते असा. तिसऱ्या धर्मयुद्धात मे ११९० मध्ये, आजच्या तुर्कस्तानात फिलोमेलियमजवळ, शत्रूचा पाठलाग करताना घोड्यावरून पडून तो गेला. माझे हृदय आणि माझा देह आता वेगळे होऊ पाहतात, देहाला युद्धावर जायचे आहे आणि हृदयाने मात्र एका स्त्रीची निवड केली आहे, असे त्याने लिहून ठेवले होते. अशा माणसाच्या कवितेला शौक म्हणणे मला तरी जड जाते.

पण या उंच पायरीच्या खाली जो मोठा वर्ग होता त्याच्याबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि तोच या काळातला सर्वांत विलक्षण वर्ग आहे. जर्मन प्रदेशांत 'मिनिस्टेरियाल' किंवा 'डीन्स्टमान' म्हणून ओळखले जाणारे सेवक-शिलेदार होते. ते चिलखत घालून लढत, किल्ले सांभाळत आणि राजे-बिशपांच्या घरची चार मोठी खाती चालवत. आपल्याकडच्या कारखान्यांच्या भाषेत सांगायचे तर मुदपाकखाना, पागा, जामदारखाना आणि आबदारखाना. त्यांच्या हाती सत्ता असे, पैसा असे, आणि तरीही कायद्याने ते स्वतंत्र नव्हते. धन्याच्या परवानगीशिवाय त्यांना बाहेर लग्न करता येत नसे. जमीन दुसऱ्याला देताना धनी त्यांनाही जमिनीबरोबर देऊ शकत असे. दोन वेगळ्या धन्यांच्या सेवक-घराण्यांत सोयरीक झाली, तर होणारी मुले त्या दोन धन्यांमध्ये वाटून घेण्याचे करार होत. मार्कवार्ट फॉन आनवाइलर हा असाच एक सेवक. ११९५ मध्ये सम्राट सहाव्या हाइनरिशने त्याला मुक्त केले आणि थेट इटलीत आंकोनाचा मार्ग्राफ नेमले. म्हणजे पारतंत्र्यातून राजवैभवात एका उडीत जाता येत होते, पण त्यासाठी धन्याची मर्जी लागत होती. तेराव्या शतकात हळूहळू हा वर्ग खालच्या सरदारवर्गात मिसळून गेला, म्हणून नंतरच्या लोकांना तो मुळात सरदारच वाटू लागला.

हार्टमान फॉन आउए हा थोर कवी आपली ओळख कशी करून देतो पाहा: एक शिलेदार होता, इतका शिकलेला की पुस्तकांत लिहिलेले वाचू शकत असे, त्याचे नाव हार्टमान, तो आउए येथे सेवक होता. वाचता येण्याचा त्याला अभिमान आहे आणि सेवक असल्याचे तो लपवत नाही. आजच्या ऑस्ट्रियातील श्टायरमार्क प्रांताचा उलरिश फॉन लिश्टेनश्टाइन याच वर्गातला, पण पुष्कळ वर चढलेला. तो त्या प्रांताचा मार्शल आणि पुढे न्यायाधिकारी झाला. १२५५ च्या सुमारास लिहिलेल्या आत्मवृत्तवजा काव्यात तो सांगतो की १२२७ मध्ये आपण व्हीनस देवीच्या वेषात, स्त्रीची वस्त्रे लेवून, व्हेनिसजवळून बोहेमियाच्या सीमेपर्यंत घोड्यावरून भाल्याच्या झुंजी लढत गेलो आणि ज्यांची आराधना करत होतो त्या बाईसाहेबांसाठी स्वतःचे बोट तोडून पाठवले. त्याच उलरिशचे नाव अनेक दस्तऐवजांत येते, आणि तिथे तो जमिनी, तंटे, साक्षी यांत गुंतलेला व्यवहारी अधिकारी आहे. कवितेचा मागमूस नाही. त्याला त्याच्याच किल्ल्यात कैद करून ठेवल्याची घटनाही घडलेली आहे. त्या काव्यातला भोळा प्रेमवेडा आणि दस्तऐवजांतला मुरब्बी कारभारी हे एकाच माणसाचे दोन चेहरे आहेत, आणि दुसरा माहीत असल्याशिवाय पहिल्याची गंमत कळत नाही.

आणि वाल्टर. या साऱ्यांत सर्वांत मोठा कवी तोच, याबद्दल जाणकारांत फारसा मतभेद नाही. त्याचा जन्म कुठे झाला, कोणत्या घरी झाला, काही ठाऊक नाही. त्याच्या हयातीतला त्याच्याविषयीचा एकच दस्तऐवज सापडला आहे, तो म्हणजे पासाउचा बिशप वोल्फगर याच्या प्रवासखर्चाची नोंद. १२ नोव्हेंबर १२०३ या तारखेला, व्हिएन्नाजवळ त्साइझेलमाउअर येथे, 'गायक वाल्टर फॉन देर फोगेलवाइडे याला फरच्या कोटासाठी पाच लांब शिलिंग' (तेव्हाचे चलनी माप) दिल्याचे तीत लिहिले आहे. एवढेच. सन्मान म्हणून नव्हे, सनद म्हणून नव्हे, खर्चवहीतली एक ओळ म्हणून आपल्याला त्याच्या अस्तित्वाचा पुरावा मिळतो, आणि त्या ओळीत तो सरदार नाही, शिलेदारही नाही. गायक आहे, आणि हिवाळा तोंडावर असताना त्याला कोट लागतो आहे. जन्मभर तो या दरबारातून त्या दरबारात फिरला. पुढे त्याने सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकला कवितेतच विनवले की, इतकी श्रीमंत कला जवळ असताना मला असा दरिद्री ठेवता, याची काही दया येऊ द्या. शक्य झाले तर मला स्वतःच्या चुलीपाशी शेकावेसे वाटते. १२२० च्या सुमारास त्याला छोटेसे वतन मिळाले, तेव्हाचे त्याचे कडवे आनंदाने ओरडल्यासारखे आहे: मला वतन मिळाले, साऱ्या जगा, मला वतन मिळाले, आता फेब्रुवारीतल्या थंडीने पायाची बोटे गोठतील अशी भीती नाही. हे पायाच्या बोटांविषयीचे भय एखाद्या खानदानी सरदाराला सुचले नसते. याच वाल्टरने एका साध्या मुलीला उद्देशून म्हटले की तुझी काचेची अंगठी मी राणीच्या सोन्यापेक्षा अधिक मोलाची मानतो. उच्चकुलीन स्त्रीची निष्फळ आराधना हाच ज्या काव्याचा पाया, त्या काव्यात त्याने असे म्हणण्याचे धाडस केले. त्याचे स्थान लक्षात घेतले, तरच ते धाडस दिसते.

या ठिकाणी एक सावधगिरीही नमूद केली पाहिजे, नाहीतर मी एक सरसकट विधान खोडून दुसरे मांडल्यासारखे होईल. १९६० च्या दशकात एरिश क्योलर या अभ्यासकाने, मुख्यतः प्रोव्हान्सच्या, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या, त्रुबादूर या दरबारी प्रेमकवींच्या संदर्भात, असा सिद्धान्त मांडला की न मिळणाऱ्या स्त्रीची सेवा म्हणजे वर चढू पाहणाऱ्या खालच्या शिलेदारांची आकांक्षाच होय. जर्मनीत हा विचार मिनिस्टेरियालांना चपखल बसतो असे अनेकांना वाटले. पण योआखिम बुमके यांनी १९७६ मध्ये कागदपत्रे तपासून दाखवून दिले की, पुष्कळ कवी मिनिस्टेरियाल होते असे आपण नुसते गृहीत धरतो, त्याला पुरावा अपुरा आहे, आणि या काव्याच्या आरंभीच्या काळात तर उच्च सरदारवर्गातले कवी ठळकपणे दिसतात. माझ्या मते बुमके यांचे म्हणणे अधिक भक्कम आहे. सेवेची भाषा सेवकांनीच घडवली असे म्हणता येत नाही. सम्राटही तीच भाषा बोलतो. मात्र तीच ओळ सम्राटाच्या तोंडी खेळ ठरते, आणि ज्याला खरोखर धन्याच्या मर्जीवर जगायचे आहे त्याच्या तोंडी ती वेगळी वाजते. ऐकणाऱ्यांना हा फरक जाणवत असणार, कारण ही गीते एकांतात वाचायची नव्हती. भरल्या दरबारात, धनी, त्याची पत्नी आणि तिचे सारे मानकरी यांच्यासमोर ती गायली जात. कोण गातो आहे हे तिथे प्रत्येकाला माहीत असे. आपल्याला ते माहीत नाही, आणि चालीही बहुतेक हरवल्या आहेत, म्हणून निदान कवीच्या स्थानाविषयी जे थोडे हाती आहे ते तरी आपण टाकून देऊ नये.

पोथीच्या शेवटच्या टप्प्यातला योहानेस हाडलाउब तर झुरिचचा साधा नागरिक. १३०२ मध्ये त्याने तिथे घर विकत घेतल्याची नोंद आहे. त्याने झुरिचच्या मानेसे घराण्यातील पितापुत्रांच्या गीतसंग्रहाचे कौतुक केले आहे, साऱ्या राज्यात इतकी गीते एकत्र सापडणार नाहीत म्हणून, आणि त्याच्या त्या शब्दांमुळेच पोथीला हे नाव मिळाले. त्याच्या एका गीतात थोर मंडळी मध्यस्थी करून त्याला बाईसाहेबांपर्यंत नेतात, तो तिचा हात धरून सोडत नाही, ती त्याच्या हाताला चावते, आणि त्याला तेही गोड वाटते. पोथीच्या चित्रकाराने हा प्रसंग रंगवला आहे. सरदारांच्या या खेळात शहरातला एक साधा नागरिक कसा शिरला आणि त्याला तिथे कशी जागा मिळाली, हे त्या चित्रात उघड दिसते.

आपल्याला विनंती एवढीच की, पुढच्या भागात या कवींची गीते अनुवादून छापणार असाल, तर प्रत्येक गीताखाली कवी कोणत्या पायरीवर उभा होता याची दोन ओळींची टीप अवश्य द्यावी, आणि जिथे हुद्दा केवळ झुरिचच्या पोथीने दिलेला आहे तिथे तसे स्पष्ट लिहावे. हायडेलबर्गच्या ग्रंथालयाने संपूर्ण पोथी पानोपानी इंटरनेटवर विनामूल्य खुली ठेवली आहे, त्यामुळे चित्रे मिळवण्यातही अडचण येऊ नये. वाल्टरचे पान छापलेत तर सोबत १२०३ ची ती खर्चवहीतली ओळही छापावी.

कळावे,
आपला विश्वासू,
जर्मन साहित्याचा एक अभ्यासक, पुणे