पदग्रहणाची छायाचित्रे आणि मागच्या वर्षीचा चष्मा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यापासून आपल्या अंकाच्या शहर पानांवर सेवा क्लबांच्या पदग्रहण सोहळ्यांची छायाचित्रे येत आहेत. दरवर्षी जुलै लागला की ती येतातच, कारण रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. मावळते अध्यक्ष गळ्यातली साखळी नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात, टाळ्या होतात आणि नवे संकल्प जाहीर होतात. सोहळ्यांवर माझा आक्षेप नाही. परंतु मावळत्या वर्षातल्या संकल्पांचे काय झाले, हे त्या बातम्यांत कधीच वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अशाच एका क्लबच्या शिबिरातून झाली. ती मोफत झाली आणि चांगली झाली, हे आधी सांगितले पाहिजे. डोळ्यात भिंग बसवल्यावर डोळा स्थिरावायला महिना-सव्वा महिना जातो आणि मगच चष्म्याचा नंबर काढतात. चष्माही क्लबच देणार, असे शिबिरात मिळालेल्या कागदावर लिहिलेले होते. तो महिना-सव्वा महिना नेमका ३० जूनच्या पलीकडे गेला. मावशी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन दोनदा जाऊन आल्या. तिसऱ्यांदा मी सोबत गेले. नव्या कार्यकारिणीतल्या गृहस्थांनी आम्हाला बसवले, पाणी दिले आणि अत्यंत सौजन्याने सांगितले, “ताई, तो मागच्या वर्षीचा प्रकल्प होता. यंदा आमचा भर वृक्षारोपणावर आहे.” चष्मा शेवटी आम्ही बर्डीच्या बाजारातून करून घेतला.

एका वर्षाच्या मुदतीमागचा विचार मला पटतो. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक कपड्यांचा व्यावसायिक असे चौघे जमले आणि पुढच्या बैठका पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत होऊ लागल्या, त्यावरून रोटरी हे नाव पडले. पदही तसेच पाळीपाळीने फिरावे, कोणी एकाने खुर्ची धरून बसू नये, हे योग्यच आहे. आपल्याकडच्या कित्येक शिक्षणसंस्था आणि गृहनिर्माण संस्था पाहिल्या तर ही शिस्त किती दुर्मीळ आहे, हे वेगळे सांगायला नको. (शिकागोच्या त्या क्लबचे पहिले लोकोपयोगी काम सार्वजनिक स्वच्छतागृहांचे होते. महाल-इतवारीत खरेदीला जाणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ते काम आजही किती मोलाचे आहे ते. पण स्वच्छतागृहावर स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी लावायला फारसे कोणी उत्सुक नसते.)

दर आठवड्याला जेवायला जमणारी श्रीमंत मंडळी, अशी या क्लबांची थट्टा होते आणि मीही ती केली आहे. २३ सप्टेंबर २०२३ नंतर मात्र मी ती सोडली. त्या पहाटेच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि माझ्या भावाच्या घरात कंबरभर पाणी आले. दुपारपर्यंत एका क्लबची माणसे दारात होती. एकाचे हार्डवेअरचे दुकान होते, त्याने पाणी उपसायचा पंप आणला. एकाचा केटरिंगचा व्यवसाय होता, त्याच्याकडून पोळी-भाजीची पाकिटे आली. तिसरे डॉक्टर होते, ते चिखलात पाय कापलेल्यांना धनुर्वाताचे इंजेक्शन देत होते. एका व्यवसायातला शक्यतो एकच सभासद घ्यायचा, हा रोटरीचा जुना नियम मी पूर्वी केवळ व्यापारी सोयीचा समजत असे. त्या दिवशी त्याचा दुसरा उपयोग दिसला. जी माणसे दर आठवड्याला एका टेबलावर बसतात, त्यांना संकटात कोणाला काय मागायचे हे शोधावे लागत नाही. एक फोन पुरतो.

मात्र पुराचे काम चार दिवसांचे असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर नागपूरकर भोजनदानाचे जे स्टॉल लावतात, तेही दोन-तीन दिवसांचे असतात आणि त्या दिवसांतच ते काम पुरे होते. अडचण होते ती ज्या कामाला वर्ष पुरत नाही तिथे. मोतीबिंदू, मुलींच्या शिष्यवृत्त्या, वॉटर कूलर ही तशी कामे आहेत. आमच्या बसथांब्यावरच्या कूलरची तोटी तीन उन्हाळ्यांपासून गायब आहे. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांची नावे असलेली पाटी मात्र शाबूत आहे.

लांबचे काम या संघटनांना जमतच नाही, असेही नाही. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचे काम हाती घेतले आणि त्यानंतर जगभर दरवर्षी हजारो अध्यक्ष बदलले, तरी ते काम कोणाला बदलता आले नाही. १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी आपण मुलांना बूथवर घेऊन जात होतो आणि त्यांच्या करंगळीला शाई लावून आणत होतो. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. श्रेय अर्थातच सरकारी यंत्रणेचे, घरोघर फिरणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविकांचे आधी. पण साखळी कोणाच्याही गळ्यात असो, काम तेच राहील, एवढे रोटरीने पाळले. आपल्याच शहरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेला मातृ सेवा संघ शंभरी ओलांडून चालू आहे, तो काही दर जुलैला नवा भर शोधून नव्हे.

माझी आई शेवटचे सात महिने अंथरुणावर होती, तेव्हा पलंग, वॉटरबेड आणि कमोडची खुर्ची आम्ही एका क्लबच्या साहित्य केंद्रातून अनामत ठेवून आणली होती. केंद्र म्हणजे एका सभासदाच्या घराचे गॅरेज आणि एक लांबट नोंदवही. आईनंतर सामान परत करायला गेले, तेव्हा त्या काकांनी पलंगाचा प्रत्येक स्क्रू फिरवून पाहिला, वॉटरबेड फुगवून तपासला आणि मगच वहीत सही करून अनामत परत दिली. अकरा वर्षे ते हे करीत होते. अध्यक्ष ते कधीच झाले नाहीत. वेळ नव्हता, म्हणाले.

क्लबांना माझी सूचना साधी आहे. पुढचा अध्यक्ष कोण, हे त्यांच्याकडे कितीतरी महिने आधी ठरलेले असते. जे काम ३० जूनपलीकडे जाणार आहे, त्याच्या कागदावर मावळत्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही अध्यक्षांच्या सह्या असाव्यात. येणाऱ्या अध्यक्षांची सही मिळत नसेल, तर शिबिर डिसेंबरमध्ये घ्यावे, म्हणजे चष्मा त्याच वर्षात बसेल.

आपल्यालाही एक विनंती आहे. पदग्रहणाचे छायाचित्र छापायला पाठवणाऱ्या प्रत्येक क्लबकडून मागच्या जुलैत आपल्याच अंकात छापून आलेल्या संकल्पांचा दोन ओळींचा हिशेब मागवावा आणि तो छायाचित्राखाली छापावा. जागा कमी पडत असेल, तर व्यासपीठावरच्या पाहुण्यांची नावे वगळता येतील.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
प्रतापनगर, नागपूर