भावांच्या भांडणाआधी बटाट्याचा करार पाहावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पुरवणीतील कौटुंबिक उद्योगांवरचा लेख वाचला. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्लॉरेन्सव्हिल या लहानशा गावातून निघून जगभर गोठवलेले फ्रेंच फ्राइज विकणाऱ्या मॅकेन कुटुंबाची हकिगत लेखकाने रंगवून सांगितली आहे. तपशिलाबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र हॅरिसन आणि वॉलेस या दोघा भावांची धडाडी आणि पुढे वारशाच्या प्रश्नावरून त्यांच्यात आलेले वितुष्ट, एवढ्यातच सगळा लेख संपतो. ज्याच्या बटाट्यावर हा डोलारा उभा राहिला, तो शेतकरी त्यात एकदाही डोकावत नाही. कंपनी इतकी का वाढली आणि भाऊबंदकीनंतरही का टिकली, याचे बरेचसे उत्तर त्याच्याच बांधावर सापडेल असे मला वाटते.

१९५७ मध्ये भावांनी कारखाना सुरू केला, तेव्हा गोठवलेले फ्राइज ही नवी गोष्ट नव्हती. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात जे. आर. सिम्प्लॉट यांच्या कंपनीने १९४० च्या दशकातच हे तंत्र बसवले होते. हॅरिसन आणि वॉलेस हे के. सी. आयर्विंग यांच्या उद्योगसमूहात नोकरी करून आलेले होते आणि रॉबर्ट व अँड्र्यू हे थोरले भाऊही या उद्योगात भागीदार झाले. (आयर्विंग कुटुंबानेच पुढे १९८० मध्ये कॅव्हेंडिश फार्म्सच्या रूपाने याच धंद्यात उडी घेतली, हा योगायोग लेखात यायला हवा होता.) मॅकेन यांची खरी शिदोरी घरातच होती. वडिलांच्या काळापासून त्यांचा बटाट्याच्या बेण्याचा निर्यात व्यापार चालत असे आणि सेंट जॉन नदीच्या खोऱ्यातले बेणे क्युबा व दक्षिण अमेरिकेपर्यंत जात असे. कोणत्या जमिनीत कोणता वाण साधतो, कोणाचे बेणे रोगमुक्त असते आणि कोणाचा शब्द हंगाम संपेपर्यंत टिकतो, ही माहिती अशा घराला बाहेरून विकत घ्यावी लागत नाही.

या माहितीचे मोल कळण्यासाठी फ्राइजचा बटाटा म्हणजे काय, हे थोडे पाहावे लागते. भाजीला चालणारा बटाटा येथे सहसा चालत नाही. त्यात शुष्क अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, साधारण २० टक्क्यांहून अधिक लागतो. तो कमी असला की काप तेल पितात आणि लुळे पडतात. आकार लांबट हवा, नाहीतर काप आखूड निघून माल वाया जातो. साली, आखूड तुकडे आणि तळताना उडून जाणारे पाणी धरले तर एक किलो फ्राइजसाठी ढोबळमानाने दोन किलो बटाटा खर्ची पडतो. साखरेचा प्रश्न तर सर्वांत नाजूक. बटाटा फार थंड जागी, म्हणजे चार-पाच अंश सेल्सिअसच्या खाली ठेवला, तर त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि तळल्यावर काप काळपट पडतात. उलट आठ-नऊ अंशांवर ठेवला तर साखर आटोक्यात राहते, पण कोंब फुटण्याची धास्ती असते. महिनोन्‌महिने ही कसरत करायची आणि तीही पुष्कळदा शेतकऱ्याने, स्वतःच्या गोदामात.

कारखान्याच्या दारात माल आला की गाडीतून नमुना काढतात, धुऊन कापतात, तिथेच तळतात आणि कापांचा रंग ठरावीक तक्त्याशी ताडून पाहतात. कधी कधी एखादा काप सगळा सोनेरी असतो आणि फक्त एका टोकाला तपकिरी निघतो. या दोषाला त्या धंद्यात ‘शुगर एंड’ म्हणतात. त्याचे कारण बहुधा उन्हाळ्यात पिकाला बसलेला उष्णतेचा किंवा पाण्याचा ताण असतो. जुलैतल्या कोरड्या आठवड्याची किंमत शेतकरी अशी काही महिन्यांनी, वजनकाट्यापाशी, भावातल्या कपातीने मोजतो. मला लेखात हा प्रसंग वाचायला आवडला असता.

वाणाच्या बाबतीत आणखी एक श्रेय लेखकाने कोणालाच दिलेले नाही. शेपोडी हा फ्राइजसाठी नावाजलेला वाण न्यू ब्रन्सविकमधीलच फ्रेडरिक्टनच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८० मध्ये प्रसारित झाला. तो जुन्या रसेट बरबँकपेक्षा लवकर तयार होतो, त्यामुळे कारखान्याला हंगाम लवकर सुरू करता येतो. खासगी कुटुंबाच्या यशात सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा वाटा असतो, हे आपल्याकडच्या उद्योगकथांतही सहसा गाळले जाते.

परदेशी विस्ताराचेही तेच. बटाट्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. ते जहाजातून वाहून नेण्यापेक्षा जिथे पीक आहे तिथे कारखाना नेणे शहाणपणाचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील स्कारबरो, मग ऑस्ट्रेलिया, पुढे युरोप आणि आपल्या शेजारचे गुजरातमधील मेहसाणा, असा तो प्रवास आहे. मेहसाण्यात कारखाना उभा राहण्यापूर्वी कंपनीने काही हंगाम स्थानिक शेतकऱ्यांबरोबर वाण आणि लागवडीची पद्धत पारखण्यात घालवले. शेअर बाजाराला दर तिमाहीस उत्तर द्यावे लागणाऱ्या कंपनीला इतकी सबुरी परवडली असती का, याची मला शंका आहे आणि कौटुंबिक मालकीचा खरा फायदा मला येथे दिसतो.

भांडणाबद्दल थोडेच लिहितो. वॉलेस यांना १९९४ मध्ये कंपनीच्या सूत्रांपासून दूर करण्यात आले, १९९५ मध्ये त्यांनी मुलांसह मेपल लीफ फूड्स ही कंपनी हाती घेतली. मॅकेनमधला आपला हिस्सा मात्र त्यांनी राखला. मालकी घरात राहिली आणि कारभार बाहेरच्या व्यावसायिक व्यवस्थापकांकडे गेला. त्या वर्षीही बटाट्याची लागवड झालीच असणार, करारही झालेच असणार.

याचा अर्थ शेतकऱ्याचे सगळे भले झाले, असे मी म्हणत नाही. कॅनडातल्याच प्रिन्स एडवर्ड बेटावरील बॉर्डन-कार्लटन येथील मॅकेनचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला. शंभराहून अधिक कामगारांची नोकरी गेली आणि त्या कारखान्यासाठी बटाटा पिकवणाऱ्यांना दुसरा गिऱ्हाईक शोधावा लागला. खास फ्राइजसाठी पिकवलेला बटाटा, त्यासाठी बांधलेले गोदाम, घेतलेली यंत्रे, हे सगळे एका खरेदीदाराच्या निर्णयावर टांगलेले असते. आता कंपनीने २०३० पर्यंत आपल्यासाठी पिकणाऱ्या सर्व बटाट्याच्या क्षेत्रावर मातीचे आरोग्य जपणारी शेतीपद्धत आणण्याचे जाहीर केले आहे. उद्दिष्ट चांगले आहे; पण पिकांची फेरपालट आणि आच्छादन पिके (दोन मुख्य पिकांच्या मध्ये माती झाकण्यासाठी घेतलेली पिके) यांचा खर्च, आणि सुरुवातीच्या वर्षांत उत्पादन घटले तर ती तूट, कोण किती सोसणार, हे करारात पाहावे लागेल.

म्हणून लेखकाला विनंती अशी की, लेखमालेच्या पुढच्या भागात या कंपन्यांचे शेतकऱ्यांशी होणारे करार तपासावेत. भाव लागवडीपूर्वी ठरतो की काढणीनंतर, तो शेतकरी संघटनेमार्फत ठरतो की एकेकट्याशी, नाकारलेल्या गाडीचे पुढे काय होते आणि बेणे कोणाकडून घ्यावे लागते, एवढी माहिती जरी मिळाली तरी उत्तर गुजरातेतील फ्राइजच्या कारखान्यांसाठी आज बटाटा पिकवणाऱ्यांशी तिची तुलना वाचकांना स्वतः करता येईल.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक