भाऊ, होऱ्युजी बघून आले

भाऊ,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण जळगावात जो तो मला विचारतो, 'जपानला कोणत्या कंपनीबरोबर गेला होतात?' कोणत्याच नाही, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग जपानी येतं का तुम्हाला?' तेही येत नाही. इंग्रजी म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला येतं तेवढंच. मग दोन साठीच्या बाया नऊ दिवस ओसाका, नारा, क्योटो फिरून धडधाकट घरी आल्या कशा? प्रत्येकाला तुमची गोष्ट सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

तुम्हाला आठवतं का, माहीत नाही. अजिंठ्याच्या तुमच्या गारगोट्यांच्या दुकानात रोज शेकड्यांनी माणसं येतात. मागच्या हिवाळ्यात नातवाला अजिंठा दाखवायला आणलं होतं. लेणीवरून परतलो, टी पॉइंटला बसमधून उतरलो आणि माझी नणंद, आमची आक्का, तुमच्या दुकानापुढच्या स्टुलावर मटकन बसली. तुम्ही न विचारता पाणी दिलंत. तेवढ्यात सहा-सात जपानी बायका आल्या आणि तुम्ही फाडफाड जपानी बोलायला लागलात. आमचा नातू तर गारगोट्या सोडून तुमच्याच तोंडाकडे बघत राहिला. त्या गेल्यावर मी विचारलं, कुठे शिकलात? तुम्ही म्हणालात, 'शिकतो कुठे मावशी, कानाने उचललं. लिहिता-वाचता एक अक्षर येत नाही.'

मग मी सहज बोलून गेले की जपान बघायची फार इच्छा आहे, पण शहरातल्या एका टूरवाल्याने 'तुम्ही दोघीच? झेपणार नाही, ग्रुपमध्ये या' म्हणून पिटाळलं. ग्रुपमधून दोघींच्या खर्चाचा आकडा ऐकूनच आम्ही खुर्चीवरून उठलो होतो. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. तुम्ही म्हणालात, 'मावशी, मी वीस वर्षं परक्या देशात चुकलेली माणसं बघतोय. कोणाला मदत करता येते आणि कोणाला नाही, ते मला विचारा.'

आणि सांगितलंत. जो आख्खी कहाणी सांगतो, त्याचं काहीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट विचारायची. चालत्या माणसाला थांबवायचं नाही, उभ्या असलेल्याला विचारायचं. आकडा तोंडाने सांगायचा नाही, कॅल्क्युलेटरवर दाखवायचा. आधी 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', मग बाकी सगळं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येईल तो प्रश्न विचारायचाच नाही. तुमचा तो किस्सा मी आता सगळ्यांना सांगते. सुरुवातीला जपानी गिऱ्हाईक 'हाय, हाय' म्हणायचं आणि तुम्हाला वाटायचं सौदा पटला. तुम्ही स्फटिक कागदात गुंडाळायला घेतलात की ते नमस्कार करून चालतं व्हायचं! 'हाय' म्हणजे दर वेळी 'हो' नसतं, कितीदा तरी ते नुसतं 'ऐकतोय' असतं, हे कळायला तुम्हाला एक सीझन लागला.

आम्हाला हे आधीपासून माहीत होतं. तरीही आम्ही तेच केलं.

झालं असं, की ओसाकाच्या तेन्नोजी स्टेशनवरून नाऱ्याकडच्या होऱ्युजीच्या देवळाला जायचं होतं. समोर गाडी उभी. दाराशी एक सद्गृहस्थ. मी गाडीकडे बोट करून म्हटलं, 'होऱ्युजी?' ते वाकून म्हणाले, 'हाय.' चढलो. गाडी सुटली, छान जागा मिळाली, आक्काने पिशवीतून बिबड्या काढल्या. दोन-तीन स्टेशनं गेली तेव्हा दारावरच्या पाटीकडे लक्ष गेलं. गाडी वाकायामाची होती! नारा राहिलं पूर्वेला आणि आम्ही चाललो दक्षिणेला. आक्का म्हणाली, 'माय वं, आते काय करानं?' त्या गृहस्थांना दोष देत नाही. त्यांनी फक्त ऐकलं होतं.

भूगोलाची मास्तरीण मी, नकाशा वाचायला शिकवून पेन्शनीत निघाले आणि गाडी चुकीची धरली. पण त्या चुकीतून एक गोष्ट कळली, ती तुमच्या कामाची आहे, पुढच्या माणसाला सांगा. तिथे स्टेशनचं नाव वाचायच्या फंदात पडायचंच नाही. लाइनीला रंग आणि इंग्रजी अक्षर असतं, आणि बहुतेक स्टेशनांना नंबर. नाऱ्याकडे जाणारी यामातोजी लाइन हिरवी, अक्षर क्यू. वाकायामाची हानवा लाइन केशरी, अक्षर आर. तेन्नोजी क्यू २०, होऱ्युजी क्यू ३२. भुसावळ जंक्शनवर अशी सोय असती तर माझ्या सासूबाईंना आयुष्यभर दुसऱ्याला विचारत फिरावं लागलं नसतं. उतरून, पलीकडच्या फलाटावरून परत येऊन, हिरवा रंग धरला आणि आकडे मोजत गेलो, एकवीस, बावीस, तेवीस. आक्का चौथीपर्यंत शिकलेली, तिने सुद्धा बरोबर बत्तीसला उठवलं मला.

गाड्यांसाठी तिथे इकोका नावाचं कार्ड असतं. दोन हजार येनला मिळतं, त्यातले पाचशे अनामत. हॉटेलातल्या मुलीने सांगितलं की 'इको का' म्हणजे त्यांच्या ओसाकाकडच्या बोलीत 'जायचं का?' बोली, भाऊ! टोकियोची प्रमाणभाषा नाही, घरची बोली, आणि ती रेल्वेच्या कार्डावर. आपल्या एसटीच्या पासावर अहिराणीत 'चाल ना भो' छापल्यासारखं. आक्काला ते इतकं आवडलं की दर वेळी गेटवर कार्ड टेकवताना ती मोठ्याने 'चाल ना वं' म्हणायची.

आता कार्डाचं. तुमच्या कार्डाचं.

माझी खरी भीती जेवणाची होती. आम्ही दोघी माळकरी. मांस-मासे ओळखता येतात, पण तिथे साध्या भाजीच्या रश्श्यात आणि नूडल्सच्या पाण्यात सुद्धा 'दाशी' असते, सुकवलेल्या माशाच्या किसाचा अर्क. वरून काही दिसत नाही. तुम्ही म्हणालात, 'निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासे, तामागो म्हणजे अंडं. पण हे तोंडाने सांगून भागणार नाही, लिहिलेलं पाहिजे. लिहून देणारं कोणी आलं की मी सांगतो.' मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. दीड महिन्याने तुमचा फोन आला, 'मावशी, काम झालं.' कोणा जपानी बाईंना दुकानात बसवून, चहा पाजून, तुमच्या बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर तुम्ही चार ओळी लिहून घेतल्यात आणि तो कागद काळीपिवळीच्या ड्रायव्हरबरोबर जळगावला पाठवलात. मी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याला लॅमिनेशन करून घेतलं. पुढच्या बाजूला तुमच्या दुकानाचं बिल, मागच्या बाजूला ती सुबक अक्षरं.

त्या कागदाने आम्हाला जेवू घातलं. एका उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, टपरीवजा हॉटेलात म्हाताऱ्या मालकाने कार्ड वाचलं, कपाळाला हात लावला, आत गेला आणि कोरा भात, टोफू, वर एक उमेबोशी घेऊन आला. उमेबोशी म्हणजे मीठात मुरवलेलं आंबट फळ, आपल्या लोणच्याच्या जातीचं. आक्काने पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढून भातावर भुरभुरली आणि थोडी त्याच्याही हातावर ठेवली. तो ठसकला, पण दुसऱ्यांदा मागितली.

भाच्याने फोनमध्ये भाषांतराचं ॲप घालून दिलं होतं, नेट नसलं तरी चालावं म्हणून जपानी आधीच उतरवून ठेवलं होतं. पाट्या, पाकिटांवरचा छापील मजकूर ते चांगलं वाचतं. तुमच्या कार्डावरचं हस्ताक्षर मात्र त्याला काही केल्या उलगडलं नाही. आणि आपण बोलतो तसं मराठी त्याच्यासमोर बोललं की गंमत होते. आक्का त्यात म्हणाली, 'माझे गुडघे बोलायला लागलेत.' औषधाच्या दुकानातली मुलगी ते जपानीत ऐकून दोन पावलं मागे सरकली!

तुम्ही शिकवलेल्या शब्दांबद्दलही सांगते. भाऊ, राग मानू नका, पण तुमचं जपानी निव्वळ दुकानदाराचं आहे. 'यासुई' म्हणजे स्वस्त, 'मिरु दाके' म्हणजे नुसतं बघा, 'तोमोदाची' म्हणजे दोस्त. आम्ही तर गिऱ्हाईक! 'मिरु दाके' तेवढं दोन्हीकडून चालतं. पण स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला मी 'तोमोदाची' अशी हाक मारली तेव्हा तो लाजून लाल झाला.

एक कोडं मात्र पहिल्या दिवसापासून पडलं होतं. रस्ता विचारताना मी घाबरून तेच कार्ड पुढे करायची, कारण एका ओळीत होऱ्युजीचं नाव आहे हे तुम्ही सांगितलं होतं. आणि ज्याला ज्याला कार्ड दाखवावं तो आधी आम्हाला लिफ्टजवळ नेऊन उभं करायचा. तेन्नोजीला परत आलो, तिथेही लिफ्ट. क्योटोला एक शाळकरी पोरगा जिन्याशी उभा होता, त्याने कार्ड वाचलं आणि आख्ख्या फलाटाच्या दुसऱ्या टोकाला चालत आला, लिफ्ट दाखवायला. मी आक्काला म्हटलं, इथे पाहुण्यांना लिफ्ट दाखवायची पद्धत असेल. आपण चहा देतो, हे लिफ्ट देतात.

तर होऱ्युजी. पहिल्या लेणीतून येणारे कितीतरी जपानी हा शब्द बोलतात, तो काय आहे ते बघून या आणि मला सांगा, असं तुम्ही म्हणाला होतात. ऐका. ते बुद्धाचं देऊळ आहे, लाकडाचं, जगात आज उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारतींपैकी. पाच मजली पॅगोडा आणि त्याच्या बाजूला मुख्य मंदिर, त्याला कोन्दो म्हणतात. त्या कोन्दोच्या भिंतींवर जी चित्रं होती त्यांची तुलना अभ्यासक आपल्या अजिंठ्याशी करतात, पहिल्या लेणीतल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राशी. २६ जानेवारी १९४९ ला तिथे आग लागली. भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करण्याचं काम चालू असतानाच्या त्या दिवसांत मूळ चित्रं जळाली. काळवंडलेल्या भिंती त्यांनी वेगळ्या जपून ठेवल्या आहेत, आणि आता मंदिरात दिसतात त्या नंतर काढलेल्या प्रती. आपण २६ जानेवारीला झेंडावंदन करतो. त्यांच्याकडे तो दिवस जुन्या वास्तू आगीपासून वाचवण्याच्या कवायतींचा. अजिंठा १९८३ मध्ये जागतिक वारसा झाला, होऱ्युजी १९९३ मध्ये. जपानमधल्या पहिल्यांपैकी.

आत फोटो काढू देत नाहीत आणि उजेडही बेताचाच. डोळे सरावायला वेळ लागला. मग हळूहळू एक चेहरा वर आला, मान कललेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मी तीस वर्षं सहली घेऊन अजिंठ्याला आले आहे, भाऊ, ती मान मी ओळखते. आता कळलं ना, तुमच्या दुकानासमोर उभं राहून ते लोक काय पुटपुटतात? लेणीत त्यांना त्यांचं जळालेलं चित्र दिसत असणार.

बाहेर आलो तर आक्काचे पाय भरून आले होते. रस्त्यावरच्या चहाच्या दुकानात शिरलो. मालकीणबाई आमच्याच वयाच्या. सवयीप्रमाणे कार्ड दिलं. त्यांनी वाचलं आणि लगेच उंच खुर्ची सरकवून आक्काला तिच्यावर बसवलं. मला राहवलं नाही. मी फोन पुढे केला आणि खुणेने म्हटलं, वाचा यात. एकेक ओळ त्यांनी सावकाश वाचली आणि फोन त्याच्या त्या कोरड्या मराठीत बोलत गेला. पहिली ओळ, मांस, मासे, अंडी, दाशी चालत नाही. दुसरी, होऱ्युजीला जायचं आहे. तिसरी, जपानी येत नाही, हळू बोला. चौथी ओळ आम्ही 'धन्यवाद' समजत होतो. फोन म्हणाला, 'मोठ्या बाईंचे गुडघे दुखतात. त्या सांगणार नाहीत. कृपया जिना नको, लिफ्ट दाखवा.'

आक्का बराच वेळ कपात बघत बसली. मग म्हणाली, 'त्याले कसं समजनं?'

स्टुलावरून, भाऊ. दुसरं कुठून समजणार? तुम्हाला ओळ सांगितली नव्हती, पैसे विचारले तर तुम्ही घेतले नव्हते, आणि त्या दिवशी आम्ही तुमच्याकडून घेतली होती फक्त पन्नास रुपयांची एक गारगोटी.

कार्ड मी परत देणार नाही, ते मागू नका. वांगी चांगली निघायला लागली की आम्ही येतोच आहोत, सोमवार सोडून, कारण सोमवारी लेणी बंद. आक्का भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन येणार आहे. स्टूल तेवढं रिकामं ठेवा.

तुमची,
जळगावची मावशी