दोष वैमानिकांचा नव्हे

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतील ड्रेस्डेन शहरावर झालेल्या १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. हजारो नागरिक होरपळून मेले, त्याबद्दलची लेखकाची वेदना रास्तच आहे. मात्र ब्रिटिश विमानांतील तरुणांना ‘खुनी’ ठरवणे मुळीच पटले नाही. शहरांवर बॉम्ब टाकण्याचे धोरण लंडनमध्ये ठरत होते. त्याचा जाब विचारायचा तो तिथल्या नेत्यांना. बॉम्बर कमांड या ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागातील सुमारे सव्वा लाख हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ जण मारले गेले, बहुतेक ऐन विशीतले. साधारणपणे ३० मोहिमा पुऱ्या केल्याशिवाय सुटका नसे. लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीतला तोफची तर गोठवणाऱ्या थंडीत तासन्‌तास एकटा बसून असे. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये या सैनिकांचे स्मारक २०१२ मध्ये झाले. त्यावर बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचेही स्मरण कोरले आहे.

– एक वाचक, नाशिक