नावावर नको, बुडाला लाव

ताई, नमस्कार.

मी ती, गेल्या रविवारी नौपाड्याहून दोन रिक्षा भरून सामान घेऊन आलेली बाई. आल्या आल्या मी तुम्हाला तीनदा विचारलं, "हे चालेल ना?" आणि तिन्ही वेळा तुम्ही मान वर न करता "आणा हो, आणा" म्हणालात. नाव विचारायचं मात्र राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. वर्तकनगरच्या ज्या हॉलमध्ये दानात आलेलं जुनं सामान विकायला मांडलं होतं, तिथे तुम्ही आठ-दहा जणी होतात. ज्यांचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता, त्या ताईंसाठी हे आहे.

आई फेब्रुवारीत गेली. इमारत पन्नाशी उलटलेली, पुनर्विकासाला निघालेली, घर रिकामं करायची तारीख ठरलेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि एका बाईने पंचावन्न वर्षं जमवलेला संसार. सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र, पाटा-वरवंटा, शिलाई मशीन, आणि डब्यात डबा घालून ठेवलेले इतके डबे की शेवटच्या डब्यात काय आहे ते तिलाही आठवत नसावं. (एकात पाच पैशांची नाणी निघाली. एकात दुसऱ्या डब्यांची झाकणं.)

हे सगळं कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढंच मला हवं होतं. इतकी साधी गोष्ट इतकी जड जाईल असं वाटलं नव्हतं. "गेलेल्या माणसाची भांडी कोण वापरतं?" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनीच तांब्याचं घंगाळ आणि पितळेची समई 'आठवण म्हणून' नेली. स्टीलच्या डब्यांमध्ये कुणाच्याच आठवणी नव्हत्या. एका संस्थेने फोटो मागवले. मी रात्री अकरापर्यंत कढया-पातेल्यांचे फोटो काढत बसले, तर उत्तर आलं, आम्ही फक्त नवीन वस्तू घेतो, शक्यतो बिलासकट. दुसऱ्या एका ठिकाणची मुलं टेम्पो घेऊन आली, लोखंडी कपाट तेवढं उतरवलं आणि बाकीचं सामान जिन्यात मांडून "आलोच" म्हणून गेली, ती गेलीच. चार दिवस शेजारी पातेल्यांवरून उड्या मारत वर चढत होते.

भंगारवाल्याने निदान आशा लावली नाही. त्याच्या काट्यावर पुरणयंत्र आणि तुटका नळ एकाच भावाचे, हे त्याने आधीच सांगितलं. पूर्वी दुपारच्याला बोहारीण यायची. आई तिच्याशी दोन जुन्या साड्यांवर तासभर घासाघीस करायची आणि मग तिलाच चहा द्यायची. आता तिला वॉचमन गेटच्या आत सोडत नाही.

तर अशी वैतागून मी तुमच्याकडे आले होते. एका खोक्यात ते पाच डबे होते.

त्या डब्यांचं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तेव्हा मी काही बोलले नाही. आमच्या घरातल्या बाकी सगळ्या भांड्यांवर वडिलांचं नाव. लग्नातली भांडी, बारशातली, वास्तुशांतीची, सगळी त्यांच्या नावाची. आई घरी ब्लाउज शिवायची. त्या पैशांतून तिने बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी लावली आणि भिशी लागल्यावर जांभळी नाक्यावरून हे पाच डबे आणले. दुकानदाराने सवयीने विचारलं, "साहेबांचं नाव काय?" तर ही म्हणाली, माझं घाला. ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत तिचं नाव, आडनावाशिवाय, आणि खाली 'भिशी १९७६'. आधी राख, मग घासणी, मग तारेचा काथ्या. घासून घासून ते नाव इतकं पुसट झालंय की उजेडाकडे तिरकं धरावं लागतं. पण नख फिरवलं की लागतं.

तुमच्या टेबलावर एक कॉलेजचा मुलगा भराभर किमतीचे स्टिकर लावत होता. चाळीस रुपये, चाळीस रुपये, चाळीस रुपये. सपाट जागा दिसली की चिकटव. त्याची काही चूक नाही, नाव दिसतच नव्हतं. मी बघत होते आणि गप्प होते. दान द्यायला आलेल्या बाईने स्टिकर कुठे लावायचा हे काय सांगायचं?

तुम्ही तिकडून डबा उचललात, चष्मा डोळ्यांवर चढवला, डबा खिडकीकडे फिरवलात. मग स्टिकर नखाने हळूच सोडवलात. चिकट राहिलं होतं ते अंगठ्याने चोळलं, मग ओढणीच्या टोकाने. आणि त्या मुलाला म्हणालात, "नावावर नको लावू रे. बुडाला लाव." बाकीचे चारही तसेच केलेत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. ते आमचे डबे आहेत हे तुम्हाला ठाऊक तरी होतं का, मला अजून कळलेलं नाही. ठाऊक नसावं, असंच मी धरून चाललेय. ते मला जास्त आवडतं.

आई गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. कागदपत्रं, बँक, बिल्डरचं ऑफिस, सवडच नव्हती. त्या दिवशी हॉलबाहेरच्या चप्पल-स्टँडपाशी उभी राहून मी पोटभर रडले. तुमच्यातल्याच एकीने पाणी आणून दिलं आणि काही विचारलं नाही. त्यांनाही सांगा.

डबे गेले तेही मी पाहिलं. नवीन लग्न झालेली वाटावी अशी एक मुलगी होती. प्रत्येक झाकण लावून-काढून बघितलं, एक सैल निघालं तसं म्हणाली, "पाचांचे दीडशे द्या." तुम्ही पावणेदोनशेवर आणलंत. मला इतकं बरं वाटलं! फुकट मिळालेलं माणूस मान खाली घालून घेतं. दीडशे म्हणणाऱ्या मुलीची मान ताठ होती, आणि खोट काढायचा तिला पूर्ण हक्क होता. आईने हेच केलं असतं. दीडशेलाच घेतले असते तिने, ते सोडा.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याकडे चेक देतानाचा फोटो, शाल, नारळ, मागे फ्लेक्स. मी त्याला नावं ठेवत नाही, त्यातूनही कुणाच्या शाळेच्या फिया भरल्या जातात. पण त्या फोटोंतल्या एकाही माणसाला डबा उजेडाकडे फिरवून बघावासा वाटला असता का, हा विचार डोक्यातून जात नाही.

शिलाई मशीनचा पट्टा तुटलाय हे सांगायचं राहिलं होतं. विकलं गेलं असेल तर नेणाऱ्याला कळवा, पट्ट्याचे पैसे मी देते. आणि मोदकपात्र गडबडीत माझ्याकडेच राहिलंय. पुढच्या वेळी घेऊन येते. चाळणीचा एक पाय मोडलाय, आधीच सांगून ठेवते. त्यावर नाव नाही, स्टिकर कुठेही लावा.